कण टाकले की लायपोसोम गळतात, पण गळवतंय कोण?

तक्रार साधारण अशी असते. पीओपीसी या लिपिडचे लायपोसोम (लिपिडच्या पटलाच्या अतिसूक्ष्म पोकळ पिशव्या) केले, आत कार्बॉक्सिफ्लुरेसिन हा डाय दाटीवाटीने भरला (दाटीत तो विझलेला राहतो, बाहेर गळला की चमकतो), कॉलममधून बाहेरचा मोकळा डाय काढून टाकला. मग क्युव्हेटमध्ये २० नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीनचे कण टाकले आणि फ्लुरोमीटरवरचा आलेख झपकन वर गेला. त्या दिवशी सगळे खूश. पुढच्या आठवड्यात तेच कण, तेवढीच मात्रा, आणि गळती निम्मी. कणांची नवी बाटली उघडली तर तिप्पट. त्यातच एखाद्या दिवशी नुसतं बफर टाकलेला कंट्रोलही हळूहळू वर सरकायला लागतो, आणि मग आधीच्या सगळ्या आकड्यांबद्दल शंका यायला लागते.

प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पेशीचं पटल फोडतात का, औषध वाहणारा कण पटलातून आत कसा शिरतो, अशा प्रश्नांसाठी जिवंत पेशीऐवजी लिपिडचं कृत्रिम पटल घेतात. त्यात प्रथिनं नसतात, पेशीची स्वतःची गिळण्याची यंत्रणा नसते. त्यामुळे जे काही घडेल ते कण आणि लिपिड यांच्यातच घडलं, असं आपण धरून चालतो. गोम नेमकी इथे आहे. क्युव्हेटमध्ये कण आणि लिपिड सोडून आणखी बरंच काही असतं, आणि माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींत कण निर्दोष सुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर तपास पुढच्या क्रमाने करा.

पहिला संशयित: कण ज्यात तरंगतायत ते पाणी

बाजारात मिळणाऱ्या पॉलिस्टायरीन कणांच्या बाटलीत नुसते कण आणि पाणी क्वचितच असतं. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एसडीएस किंवा ट्वीन-२० सारखा डिटर्जंट असतो, आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून बऱ्याचदा सोडियम अझाइड. डिटर्जंटचं कामच मुळी लिपिड विरघळवणं. शंभर टक्के गळतीचा आकडा मिळवायला शेवटी आपण ट्रायटन एक्स-१०० टाकतो, तोही डिटर्जंटच. म्हणजे कणांबरोबर नकळत ट्रायटनचाच भाऊ आत जातो आणि नाव कणांचं होतं. अझाइडचा पटलाला तितका त्रास नाही, पण जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानेही असाच घोळ घातलेला आहे. डॅफ्निया या पाण्यातल्या जिवावर नॅनोप्लास्टिकचा म्हणून जो विषारी परिणाम दिसत होता, त्यातला बराचसा बाटलीतल्या अझाइडचा होता, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

तपासायची पद्धत सोपी आहे, तरी ती फार कमी जण वापरतात. बाटलीतला थोडा स्टॉक, म्हणजे कणांचं मूळ मिश्रण, १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरमधून गाळून घ्या. कण वर राहतात, खाली स्वच्छ पाणी येतं. नव्या फिल्टरला ग्लिसरीन लावलेलं असतं, म्हणून तो आधी दोन-तीनदा नुसत्या पाण्याने धुवून घ्यायचा. गाळलेलं पाणी डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) बघून त्यात कण उरले नाहीत याची खात्री करा. आता प्रयोगात कणांचा स्टॉक जेवढ्या मायक्रोलिटर टाकता, तेवढंच हे गाळलेलं पाणी लायपोसोममध्ये टाका. गळती तेवढीच आली तर कणांचा संबंध नाही. काहीच गळलं नाही तर पुढे चला. अर्धवट गळलं तर दोघंही सामील आहेत, आणि आधी पाणी साफ केल्याशिवाय कणांबद्दल काही बोलता येणार नाही. कण खाली बसवून वरचं पाणी घेऊ, असा विचार कुणी करेल, पण पॉलिस्टायरीनची घनता १.०५. २० नॅनोमीटरचे कण टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसतच नाहीत, त्याला अल्ट्रासेंट्रिफ्यूज आणि काही तास लागतात.

एक सावधगिरी: फिल्टरच्या पडद्याला काही डिटर्जंट चिकटून राहतो, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. शंका असेल तर डायलिसिस केलेले आणि न केलेले, असे दोन्ही कण शेजारी शेजारी लावून बघा.

साफसफाई म्हणजे डायलिसिस, पण तिथेही सगळे डिटर्जंट सारखे वागत नाहीत. एसडीएसचे सुटे रेणू छोटे असतात आणि मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे गोळे) व्हायला त्याला ८ मिलिमोलरच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे तो पिशवीतून निघून जातो; आयन-विनिमय रेझिनवरही पकडता येतो. ट्वीन-२० ०.०६ मिलिमोलरलाच मायसेल बांधतो आणि ते मायसेल इतके मोठे असतात की नेहमीच्या डायलिसिस पिशवीच्या भोकातून जात नाहीत. दिवसभर पाणी बदलत बसलात तरी तो आत तसाच. त्यासाठी आधी कणांचा स्टॉक चांगला पातळ करायचा, म्हणजे मायसेल फुटतात, आणि मग मोठ्या भोकाची पिशवी वापरायची. दुसरी गोष्ट: काही डिटर्जंट कणांच्या पृष्ठभागावर चिकटलेला असतो आणि तो सावकाश सुटत राहतो. आज साफ केलेला स्टॉक महिन्याभराने पुन्हा गाळून तपासा. बाटलीगणिक आकडे बदलण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: कुठली बाटली, किती जुनी, किती वेळा उघडलेली.

डिटर्जंट काढला की काही कण गोळा व्हायला लागतात. तो मुद्दा पुढे येतोच.

आलेख कसा चढतो ते बघा

पाण्यातून कण निर्दोष सुटले की मग आलेखाचा आकार नीट बघायचा. निव्वळ शेवटचा टक्का वहीत उतरवणाऱ्यांची इथे फसगत होते.

कण टाकल्या क्षणी सरळ उडी आणि त्यानंतर सपाट रेषा, ही बहुतेक वेळा गळती नसते. कण प्रकाश विखुरतात, आणि स्लिट रुंद असेल तर तो विखुरलेला प्रकाश थेट डिटेक्टरमध्ये जातो. कण हिरव्या डायने रंगवलेले असतील तर बोलायलाच नको: कार्बॉक्सिफ्लुरेसिन ४९२ नॅनोमीटरला उत्तेजित होऊन ५१७ च्या आसपास चमकतं, आणि हिरव्या रंगाचे बहुतेक कण त्याच पट्ट्यात चमकतात. शिवाय रंगवलेल्या कणांतून डाय सुटून पाण्यात येतो, तोही गळतीसारखाच दिसतो. अशा प्रयोगाला बिनरंगी कणच घ्यावेत. तपासायला दोन क्युव्हेट लावा: एकात बफर आणि कण, दुसऱ्यात डाय न भरलेले लायपोसोम आणि कण. दोन्हींत तीच उडी दिसली की ती वजा करून मोकळे व्हा.

आलेख खाली जात असेल, म्हणजे गळती उणे येत असेल, तर कण डायला खातायत. कार्बॉक्सिफ्लुरेसिनवर ऋणभार असतो. अमाइन लावलेल्या धनभारित कणांना ते चिकटतं आणि विझतं. सोन्याच्या कणांचं आणखी वेगळं: १०-२० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांचं शोषण ५२० नॅनोमीटरजवळ, म्हणजे डाय जिथे चमकतो तिथेच. गळती खरी झाली तरी कण तो उजेड गिळून टाकतात. यासाठी लायपोसोम न घेता मोकळा डाय योग्य प्रमाणात घ्या आणि त्यात कण टाका. उजेड किती कमी झाला ते कळलं की सुधारणा करता येते, किंवा दुसरा डाय निवडता येतो. स्टॉकचा पीएचही बघून ठेवा. कार्बॉक्सिफ्लुरेसिनचा उजेड पीएच ६.५ च्या आसपास झपाट्याने बदलतो, आणि पातळ बफरमध्ये आम्लधर्मी स्टॉकचे काही मायक्रोलिटरही पुरेसे होतात. कॅल्सीन या बाबतीत जास्त सोशिक आहे.

शंभरच्या वर गळती? तो भागाकारातल्या छेदाचा दोष. ट्रायटन पॉलिस्टायरीनच्या पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे कण जास्त असले की लायपोसोम फोडायला तो उरतच नाही. शंभर टक्क्यांचा आकडा कण असलेल्या प्रत्येक क्युव्हेटमध्ये वेगळा काढायचा, ट्रायटन जरा सढळ हाताने टाकायचा, आणि फेस बसेपर्यंत थांबायचं. एका कंट्रोलचा आकडा घेऊन त्यावर सगळ्या मात्रा भागणं ही सवय सोडलेली बरी.

आणि शेवटी सावकाश, वाकत जाणारी चढण. ती खरी गळती असू शकते. कंट्रोलही तसाच चढत असेल, तर मात्र लायपोसोमच आजारी आहेत.

लायपोसोमच गळके असतील तर

डाय विरघळवण्यापासून बघूया. कार्बॉक्सिफ्लुरेसिनची पावडर साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत पीएच ७.४ ला आणतात. ५० मिलिमोलर द्रावणात त्यामुळे डायबरोबर जवळपास तिप्पट सोडियम येतं. कागदावर "५० मिलिमोलर" लिहिलेल्या द्रावणाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या रेणू-आयनांचं एकूण प्रमाण, जे पाणी ओढतं) २०० मिलिऑस्मोलच्या आसपास पोचते, शिवाय बफर वेगळा. बाहेर १० मिलिमोलर हेपेस बफर नुसता ठेवलात तर पाणी आत घुसतं, लायपोसोम फुगतात आणि गळतात. लिपिडचं पटल क्षेत्रफळात साधारण ५ टक्के ताणलं जाण्याआधीच फाटतं, त्यामुळे फुगायला फारशी जागा नसते. बाहेरच्या बफरमध्ये मीठ किंवा सुक्रोज घालून दोन्ही बाजू जुळवा आणि ऑस्मोमीटरवर मोजूनच जुळवा. आकडेमोडीवर विसंबू नका.

कॉलमकडेही लक्ष द्या. सेफाडेक्स जी-५० वरून लायपोसोमचा जरासा गढूळ नारिंगी पट्टा पुढे निघतो, त्याच्या मागे मोकळ्या डायचा झगझगीत हिरवट पिवळा. मधे स्वच्छ, बिनरंगी जागा दिसली पाहिजे. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळत असतील तर कॉलम छोटा पडतोय किंवा नमुना जास्त घातला आहे. मोकळा डाय उरलेले लायपोसोम सुरुवातीपासूनच उजळ दिसतात आणि त्यात छोटी गळती बुडून जाते.

लिपिड कुठलं घेतलंय? डीएमपीसी वितळतं २४ अंशाला, म्हणजे आपल्याकडच्या एसी लावलेल्या खोलीच्या तापमानाला. एसी २२ वर असताना पटल गोठलेलं, दुपारी वीज गेली की तासाभरात प्रवाही, आणि मधल्या संक्रमणाच्या तापमानाला ते सगळ्यात जास्त गळतं. एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळचे आकडे वेगळे येण्याचं हे अगदी साधं कारण आहे. क्युव्हेट होल्डरला पाण्याचं सर्क्युलेटर नसेल तर डीएमपीसी घेऊच नका. पीओपीसी उणे २ अंशाला वितळतं, खोलीत ते कायम प्रवाहीच राहतं. त्याची अडचण वेगळी: असंतृप्त साखळी हवेने ऑक्सिडाइज होते आणि असं पटल मुळातच गळकं असतं. लिपिडची पावडर ओलावा फार ओढते, आपल्या पावसाळ्यात तर उघडल्या उघडल्या कुपीच्या भिंतीला चिकटायला लागते. पावडरऐवजी क्लोरोफॉर्ममधलं लिपिड मागवा, उणे २० ला ठेवा, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका आणि बंद करण्याआधी नायट्रोजन सोडा. कस्टममध्ये अडकून ड्राय आइस संपल्यावर हातात आलेलं पार्सल सरळ वापरायला घेऊ नये, आधी टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) करून लिपिड खराब झालं नाही ना ते बघावं.

कण एकटे आहेत की घोळक्याने

मिठाचं पाणी कणांचा विद्युतभार झाकतं. १५० मिलिमोलर मिठात भाराचा प्रभाव पृष्ठभागापासून ०.८ नॅनोमीटरवरच ओसरतो, १० मिलिमोलरला ३ नॅनोमीटरवर, १ मिलिमोलरला १० च्या जवळ. पीबीएस या खारट बफरमध्ये सिट्रेट लावलेलं सोनं टाका, लाल रंग डोळ्यांदेखत जांभळा-निळा होतो. ते कण आता एकेकटे नाहीत, घोळके आहेत. पॉलिस्टायरीन असा रंग बदलून इशारा देत नाही. कार्बॉक्सिल लावलेले कण पाण्यात नीट राहतात, आणि कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये गोळा होतात. म्हणून डीएलएस घ्यायचं ते प्रयोगाच्या बफरमध्येच आणि प्रयोग चालेल तेवढा वेळ. बाटलीवर छापलेला आकार पाण्यातला असतो. एका प्रयोगशाळेत "कण पटल फोडतात" आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत "काहीच करत नाहीत" असे निष्कर्ष निघतात, त्यातले कित्येक या मिठाच्या फरकाने समजतात.

अमाइनवाले कण क्वार्ट्झच्या क्युव्हेटला आणि प्लेटच्या प्लास्टिकलाही चिकटतात. बीएसए हे प्रथिन लावून भिंत झाकायची सवय बहुतेकांना असते, पण बीएसए कणांवरही बसतं आणि मग आपण उघडा कण तपासतच नाही. त्यापेक्षा साध्या, बिनडायच्या लायपोसोमने क्युव्हेट आधी माखून धुवून घेणं बरं.

मात्रा मोजायची कशात?

"१० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर" हा आकडा सगळे लिहितात आणि तो फारसं काही सांगत नाही. थोडी आकडेमोड करून बघा. १०० नॅनोमीटरच्या एका लायपोसोममध्ये साधारण ८० हजार लिपिड रेणू असतात. १०० मायक्रोमोलर लिपिड घेतलं तर एका मिलिलिटरमध्ये सुमारे ७ × १०¹¹ लायपोसोम होतात. त्यात २० नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीन कण १० मायक्रोग्रॅम टाकले तर ते भरतात सुमारे २.३ × १०¹², म्हणजे प्रत्येक लायपोसोमच्या वाट्याला तीन कण. तेच वजन १०० नॅनोमीटरच्या कणांचं घेतलं तर कण होतात १.८ × १०¹⁰, म्हणजे चाळीस लायपोसोममागे एक. "मोठे कण कमी गळवतात" असा निष्कर्ष या दोन प्रयोगांवरून काढणं म्हणजे गंमतच आहे. एकोणचाळीस लायपोसोमना कण भेटलाच नाही. मात्रा कणांच्या संख्येत आणि पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात मांडा, लिपिडशी असलेल्या गुणोत्तरासकट. लिपिडही कॉलमनंतर फॉस्फेट मोजून ठरवा, कारण एक्स्ट्रूडर (लायपोसोम एका आकाराचे करणारी गाळणी) आणि कॉलम दोघंही आपला वाटा घेतात.

एवढं सगळं करूनही गळतं

मग अभिनंदन, आता खरा प्रश्न सुरू झाला.

इथे आधीच्या निरीक्षणांशी ताडून पाहता येतं. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की ऋणभारित छोटे कण लायपोसोमवर बसले तर लायपोसोम उलट टिकाऊ होतात. २००८ मध्ये त्याच गटाने दाखवलं की ऋणभारित कण जिथे बसतो तिथलं प्रवाही पटल गोठल्यासारखं होतं, आणि धनभारित कण गोठलेलं पटल सैल करतो. कारण लिपिड रेणूच्या डोक्यात, म्हणजे फॉस्फोकोलिनमध्ये, आहे: त्यावरचा ऋण-धन जोड कणाच्या भाराप्रमाणे आडवा किंवा उभा होतो. तेव्हा कार्बॉक्सिल लावलेले कण साध्या पीओपीसीला धडाधड फोडताना दिसले तर मी पुन्हा एकदा पहिल्या संशयिताकडे जाईन. धनभारित कणांचं मात्र तसं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये डीएमपीसीच्या पटलावर सातव्या पिढीच्या पामॅम डेंड्रिमरने (फांद्या फुटलेला धनभारित रेणू; पिढी वाढली की तो मोठा होतो) पडलेली १५ ते ४० नॅनोमीटरची भोकं अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली पाहिली होती. पाचव्या पिढीचे छोटे डेंड्रिमर नवी भोकं पाडत नव्हते, असलेल्या फटी रुंदावत होते.

आकाराचाही हिशोब आहे. कणाला पटलात पूर्ण गुंडाळायला लागणारी वाकवण्याची ऊर्जा कणाच्या आकारावर अवलंबून नसते. साधारण प्रवाही पटलाला ती खोलीच्या तापमानाच्या उष्णऊर्जेच्या ५०० पट येते. चिकटण्याने मिळणारी ऊर्जा मात्र क्षेत्रफळाबरोबर वाढते. त्यामुळे एका ठरावीक त्रिज्येखालचे कण पटलावर नुसते बसतात आणि त्याहून मोठे गुंडाळले जातात. चिकटण्याची ऊर्जा चौरस मीटरला १ मिलिज्यूल धरली तर ही सीमा १३ नॅनोमीटर त्रिज्येला येते. पण इथे एक मेख आहे. १०० नॅनोमीटरच्या कणाभोवती गुंडाळायला लागेल तेवढंच पटल १०० नॅनोमीटरच्या लायपोसोमकडे एकूण असतं. अशा जोडीत कण आत शिरत नाही. लायपोसोम कणावर पसरतो, फाटतो, आणि सगळा डाय एकदम बाहेर येतो. ही खरी गळती आहे, पण ती "कण पटलातून गेला" याचा पुरावा नाही. त्यासाठी जायंट व्हेसिकल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील एवढे मोठे लायपोसोम, घ्या. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज ठेवलं की ती जड होऊन तळाशी बसतात आणि फेज कॉन्ट्रास्टखाली गडद दिसतात. गळली की हा गडदपणा जातो, त्याला वेगळा डायही लागत नाही. फक्त कणांचा स्टॉक टाकण्याआधी त्याची ऑस्मोलॅलिटी ग्लुकोज घालून जुळवा. नुसत्या पाण्यातला स्टॉक टाकलात तर व्हेसिकल फुटतील ती पाण्याने.

एक शेवटची शंका बऱ्याच जणांना येते: गळती ३० टक्क्यांवर जाऊन थांबली, म्हणजे प्रयोग बिघडला का? नाही. एक तर प्रत्येक लायपोसोममधून थोडा थोडा डाय गेला आणि भोक मिटलं, किंवा दहातले तीन पूर्ण रिकामे झाले आणि सात तसेच राहिले. कार्बॉक्सिफ्लुरेसिनच्या नुसत्या आलेखावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. एएनटीएस हा डाय आणि त्याला विझवणारा डीपीएक्स, ही जोडी आत भरली तर करता येतो. गळती झाल्यावर बाहेरून आणखी डीपीएक्स घालत जायचं, बाहेरचा एएनटीएस विझतो, आणि आत उरलेल्याचा उजेड वेगळा काढता येतो. आतला उजेड सुरुवातीइतकाच दबलेला राहिला तर काही लायपोसोम पूर्ण रिकामे झाले; तो वाढलेला दिसला तर सगळेच थोडे थोडे गळले. कणांची संख्या लायपोसोममागे एकाच्या खाली असेल तर आधी पहिल्या शक्यतेवर पैज लावा.